जुन्या सागाच्या फळ्या लावायच्या आधी त्या ओल्या कोपऱ्याचं बघा

तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून आता जेवणं उरकून लिहायला बसलेय. कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, हॉलमधली टीव्हीमागची 12 बाय 9 ची भिंत, सासऱ्यांच्या पाडलेल्या वाड्यातल्या सागवानी फळ्या, आणि खाली डाव्या कोपऱ्यात "थोडी ओल दिसते पण सुतार म्हणतोय वरून झाकूनच जाणारे." तुम्ही विचारलंय पॉलिश कुठलं करू, आडव्या फळ्या लावू की उभ्या. ते सांगतेच, पण आधी त्या कोपऱ्याबद्दल, कारण नेमकं हेच वाक्य मला आमच्या मिस्त्रीने 2017 च्या एप्रिलमध्ये ऐकवलं होतं आणि मी मान डोलावली होती.

आधीच सांगते, मी इंटिरिअरवाली नाही, सिव्हिलमधलीही नाही. जे सांगतेय ते एका भिंतीचे पैसे आणि त्याहून जास्त काहीतरी घालवून शिकलेलं आहे. तुमची बिल्डिंग वेगळी, तुमचा पाऊस वेगळा (पुण्याला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आमच्या ठाण्यात तिपटीहून जास्त), त्यामुळे माझं सगळंच तुम्हाला लागू होईल असं नाही.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. आजोबांचं घर उतरवलं तेव्हा माजघराची लाकडी पडदी काढली, जुन्या सागाच्या एक-एक वितीच्या फळ्या, मागून चुलीच्या धुराने काळ्याभोर आणि पुढून हात लागून लागून गुळगुळीत. त्यातल्या एका फळीला खुंटीचं भोक होतं, तिथे आजोबांचा कंदील असायचा, आणि भोकाच्या वर काजळीचा एक पंखा उमटलेला होता, इतका पक्का की घासूनही जात नव्हता. मी मिस्त्रीला बजावलं होतं की याला पॉलिश पेपर लावायचा नाही. ती फळी आम्ही मुद्दाम ठाण्याच्या हॉलच्या भिंतीवर खाली, सोफ्याच्या शेजारी लावली, बसलं की नजरेसमोर यावी म्हणून. आणि ओलीचा कोपरा नेमका तिच्याच मागे होता.

एप्रिलमध्ये त्या जागी हात लावला तर भिंत कोरडी ठणठणीत. फक्त रंगाचे पोपडे आणि खाली पांढरट लोणा. मिस्त्री म्हणाला खरवडतो, पुट्टी मारतो, वर डँप-प्रूफचा एक हात देतो, पॅनेल आलं की संपलं. आता कळतं की लोणा दिसला म्हणजे पाणी तिथून येऊन गेलेलं असतं आणि क्षार मागे ठेवून गेलेलं असतं, आणि पावसाळ्यात ते परत येणार. उन्हाळ्यात ओलीची भिंत तपासू नका, तपासली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका. आतून मारलेल्या डँप-प्रूफ रंगाने पाणी थांबत नाही हो, ते फक्त बाजूला सरकतं आणि दुसरीकडे फुटतं.

ऑगस्टमध्ये हॉलमध्ये वास यायला लागला, बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांसारखा. सप्टेंबरात सोसायटीच्या ऑफिसला पहिलं पत्र दिलं. आणि इथून पुढे माझी खरी चूक, पॅनेल लावण्यापेक्षा मोठी. ऑफिसमधून सांगितलं की "आमची पाहणी होईपर्यंत काही काढू नका, नाहीतर नंतर आमच्यावर येऊ नका." मी ऐकलं. पाहणी पुढच्या महिन्यात होईल, मग एजीएमनंतर (वार्षिक सभेनंतर) होईल, मग सेक्रेटरी गावाला गेलेत, मग नवीन कमिटी येतेय, असं करत 11 महिने गेले आणि त्या 11 महिन्यांत एक माणूस वर येऊन बघून गेला नाही. मी दर आठवड्याला खाली उतरायचे, तो क्लार्क रजिस्टर उघडायचा, बंद करायचा, म्हणायचा हा दोन फ्लॅटचा आपसातला मामला आहे, वरच्यांशी बोला. ऑफिसचं नाव घेत नाही, त्यात काही अर्थ नाही, पण आजही त्या जिन्यावरून जाताना मला राग येतो. पहिल्या तीन पत्रांची पोच मी घेतलीच नव्हती, ती ऑफिसात "सापडत नाहीत" म्हणे. तुम्ही काहीही दिलंत तरी झेरॉक्सवर तारीख, सही, शिक्का घ्या. देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, वर ईमेल.

2018 च्या ऑगस्टमध्ये सोफ्याशेजारच्या दोन फळ्या फुगून पुढे आल्या. गणपती तोंडावर होते, मी म्हटलं आता कोणाची वाट बघायची नाही, आणि फळ्या उतरवल्या. खालच्या चार फळ्यांच्या पाठीवर काळी-हिरवी बुरशी, आणि कंदिलाच्या फळीची मागची बाजू बोटाने दाबली तर आत जात होती. मातीच्या बारीक नळ्या कोपऱ्यातून वर गेलेल्या, म्हणजे वाळवी. सागाला वाळवी लागत नाही असं जे सगळे सांगतात ते फळीच्या पिवळट-तपकिरी गाभ्याबद्दल बरंचसं खरं आहे, कडेचा जो पांढरट भाग असतो त्याला लागते, आणि महिनोन्‌महिने ओलं राहिलं की बुरशी गाभ्यालाही सोडत नाही. काजळीचा पंखा पुढून अजून दिसत होता. मागे लाकूडच उरलं नव्हतं. मी ती फळी अजून टाकलेली नाही, माळ्यावर आहे.

पाणी कुठून येत होतं ते शेवटी आम्हीच शोधलं. वरच्या काकू फार चांगल्या, त्यांनी त्यांच्या बाथरूमची नहाणी-ट्रॅप बंद करून लाल रंगाचं पाणी 24 तास भरून ठेवू दिलं. आमच्याकडे लाल काही उतरलं नाही. मग डक्टमधल्या, म्हणजे बिल्डिंगचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतल्या, पाइपात रंग सोडला, तर दोन तासांत आमचा कोपरा गुलाबी. म्हणजे डक्टमधल्या कॉमन ड्रेनेज पाइपाचा जॉइंट गेलेला. आणि हाउसिंग सोसायट्यांच्या मॉडेल बायलॉजमध्ये (नमुना उपविधींत) पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या कॉमन पाइपांची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त करायची असं आहे, आपसातला मामला असतो तो फ्लॅटच्या आतल्या गळतीचा. तुमच्या सोसायटीने कुठले बायलॉज स्वीकारलेत ते एकदा मागून बघा. माझ्याकडे रंगीत पाण्याचे फोटो आणि प्लंबरचं लेखी आल्यावर तेच काम नोव्हेंबरात चार दिवसांत झालं. चार दिवस! 14 महिने थांबवलेलं.

तर तुम्ही काय करा. त्या कोपऱ्यावर फूटभर बाय फूटभर जाड प्लास्टिक चारही कडांनी टेप लावून चिकटवा आणि दोन दिवस ठेवा, शक्यतो पावसात. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला आले तर ती हवेतली वाफ. आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघा, शेजारचं बाथरूम, डक्ट, की बाहेरची भिंत, तुम्ही ते लिहिलेलंच नाहीये. उगम सापडून तो बाहेरून दुरुस्त झाल्यावर एक पूर्ण पावसाळा जाऊ द्या. हो, पूर्ण पावसाळा. तुम्हाला दिवाळीत गृहप्रवेश करायचाय हे वाचलं मी, तरीही.

ज्यांना घाई असते ते विचारतात मग मागे मरीन प्लाय लावला तर? आयएस 710 मार्काचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूड, टिकेल, पण त्याच्या पुढच्या तुमच्या फळ्या आणि मागची भिंत त्याचं काय. प्लाय भिंतीला चिकटवून तुम्ही ओलीला आत कोंडताय. माझं ठाम मत आहे की लाकूड पाण्याने जेवढं जात नाही तेवढं वारा न मिळाल्याने जातं. पुण्यातच आहात तर विश्रामबाग वाड्यात एकदा नुसतं लाकूड बघायला जा, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलं दर्शनी काम आहे. आपल्या जुन्या वाड्यांत खांब जमिनीत पुरत नसत, खाली दगडी तळखडा असायचा जमिनीची ओल खांबात चढू नये म्हणून, आणि वर कडीपाट, म्हणजे तुळया-फळ्यांचं छत, खालून उघडा. ती माणसं लाकडाला मोकळं ठेवत होती. आपण तेच लाकूड आणतो, सिमेंटच्या भिंतीला लिक्विड नेलच्या गोंदाने चिकटवतो आणि त्याला रस्टिक म्हणतो.

म्हणून आडव्या फळ्या लावणार असाल तर मागे उभ्या पट्ट्या, साधारण दीड-दीड फुटावर, पाऊण इंच जाड, म्हणजे वारा खालून वर जातो. खाली स्कर्टिंगपाशी आणि वर छतापाशी अर्धा इंच फट ठेवा, ती फट झाकायचा आग्रह सगळे करतील, झाकू नका. दोन फळ्यांत एक-दोन मिलिमीटर जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे एकही सुतार आपणहून करत नाही, फळीच्या मागच्या बाजूला आणि दोन्ही टोकांनाही पॉलिश मारून घ्या. फक्त पुढून मारलं तर मागची बाजू दमट हवा पिते, पुढची पीत नाही, आणि फळी वाकते. नुसत्या एवढ्याने वाकलेल्या फळ्या मी तीन घरांत पाहिल्यात आणि तिन्ही घरांत लाकडाला दोष दिला गेला.

लाकूड किती लागेल हेही तुम्ही विचारलंय. 108 चौरस फूट, पाऊण इंच जाडी, म्हणजे पावणेसात घनफूट निव्वळ. जुन्या लाकडात खिळ्यांची भोकं, तडे, कापलेली टोकं धरून मी 10 च्या खाली जाणार नाही. रंधा मशीनवर टाकण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा, जुने घडीव खिळे आत मोडलेले असतात आणि पात्याची किंमत सुतार तुमच्याकडूनच घेतो. फळ्या हॉलमध्येच, मधेमधे पट्ट्या ठेवून, दोन-तीन आठवडे रचून ठेवा. ओलावा मोजायचं छोटं मीटर मिळतं ते घ्या, पुण्यात 12 टक्क्यांच्या आत आल्याशिवाय एकही स्क्रू मारू नका. वाड्याचं लाकूड गावाहून टेंपोत आणणार असाल तर आधी वनखात्याच्या ऑफिसात वाहतूक पासचं विचारून घ्या, रस्त्यात अडवल्यावर नाही.

पॉलिशचं म्हणाल तर जुन्या लाकडावर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारू नका, प्लीज. शंभर वर्षांचा हात लागलेला साग आहे तो, त्यावर काचेचा थर बसवून काय मिळणार. मॅट पीयू चालेल, टीव्हीची भिंत आहे, पुसायला सोपं. मला स्वतःला जवसाचं तेल आणि मेण आवडतं, पण कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात तेलावर बुरशी धरते म्हणून इकडे नको म्हणते, पुण्याच्या कोरड्या हवेत जमून जाईल. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेतात, ही ऐकीव गोष्ट नाहीये. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा. पॅनेलमागून टीव्हीची वायर नेणार असाल तर ती कंड्युटच्या नळीतूनच, उघडी नाही.

तुमच्या पोस्टखाली एकांनी पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या, लाकडाचा सल्ला दिलाय, स्वस्त पडतं म्हणून. वाईट नाहीये, पण त्यावरचा शिक्का बघा, गव्हाच्या ओंबीचं चित्र असतं आणि शेजारी एचटी किंवा एमबी. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेलं, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तर मी नाही आणणार, लहान मूल आहे तुमच्या घरात.

आणि चारही भिंती करू नका, फोटोत छान दिसतं, राहायला कोंदट वाटतं. आमच्या हॉलला आता फक्त साडेतीन फुटांपर्यंत फळ्या आहेत, वर चुन्यासारखा पांढरा रंग, पिवळसर दिवा. उरलेल्या नऊ फळ्यांतून तेवढंच झालं. तुमच्याकडे फळ्या पुरेशा आहेत म्हणून पूर्ण भिंत भरायची घाई नको, अर्धी करून दोन पावसाळे बघा, उरलेल्या माळ्यावर पट्ट्या ठेवून रचून ठेवल्या तर कुठे जात नाहीत.

सुतार चिडेल. आमचाही चिडला होता, दुसऱ्या वेळेला मी मागून पॉलिश मारायला सांगितलं तेव्हा म्हणाला कोण बघणारे मागून. त्याच्याशी वाद घालू नका, मागच्या बाजूच्या हाताचे वेगळे पैसे आधीच ठरवा आणि फळी लावायच्या आधी स्वतः उलटी करून बघा.

भिंतीच्या पलीकडे काय आहे ते आणि कोपऱ्याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो टाका, स्कर्टिंगपासून दोन फूट वरपर्यंत दिसेल असा. डक्ट असेल तर रंगाच्या पाण्याचं कसं करायचं ते मी नीट लिहून देते.