बुटांमागचे लोखंडी पाय

प्रश्न : माझ्याकडे १८६०च्या दशकातला पत्त्याएवढा फोटो आहे. उभ्या गृहस्थांच्या बुटांमागे लोखंडी पाय दिसतात. मृतदेह उभा केलाय, असं एकजण म्हणाला. खरं का? आणि लहान गावातल्या स्टुडिओवाल्याचं पोट फोटो काढण्यावर भरायचं का?

उत्तर : छे! ते मानेच्या टेकूचे पाय. प्रकाश कमी असला की काही सेकंद निश्चल राहावं लागे, म्हणून डोक्यामागे चिमटा. त्यावर प्रेत तोललं जाणंच शक्य नाही.

पोटाचं म्हणाल, तर ते उन्हावर अवलंबून. छत काचेचं, आभाळ भरलं की धंदा बसला. काचेवर कलोडियन हा चिकट द्राव ओतायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि ओली आहे तोवर फोटो काढून धुवायचीही. मी हौसेनं हे केलंय. बोटं अशी काळी पडली की आठवडाभर लग्नकार्यात हात खिशात! त्या माणसाचे तर कायमच तसे असणार.

डिझ्देरी या फ्रेंच फोटोग्राफरनं १८५४मध्ये या छोट्या कार्डाचं पेटंट घेतलं, एका काचेवर अनेक फोटो बसू लागले आणि ते स्वस्त झाले. पण खरी पुंजी म्हणजे क्रमांक घालून जपलेल्या काचा, म्हणजे निगेटिव्ह. पुन्हा प्रती हव्या असल्या की गिऱ्हाईक परत येई. स्टुडिओ विकताना काचाही जात आणि नवा मालक त्यांच्या प्रतींमागे आपलं नाव छापी. तेव्हा कार्डामागचं नाव फोटो काढणाऱ्याचंच, असं धरून चालू नका.