हँडब्रेक सोडूनही ब्रेकचा लाल दिवा का पेटतो?

हँडब्रेक पूर्ण खाली असूनही वळणावर किंवा घाटाच्या उतारावर डॅशबोर्डवरील लाल दिवा क्षणभर पेटून विझत असेल, तर बहुतेक वेळा ब्रेक ऑइलची पातळी कमी झालेली असते. बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डबीत एक तरंगता सेन्सर असतो आणि वळताना तेल एका बाजूला सरकले की तो खाली बसून दिवा लावतो.

पातळी कमी होण्याचे कारण गळतीच असेल असे नाही. डिस्क ब्रेकचे पॅड झिजतात तसा कॅलिपरमधील (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातील) पिस्टन बाहेर सरकतो, त्यामागची वाढलेली जागा तेल भरून काढते आणि डबीतील पातळी हळूहळू उतरते. म्हणूनच पॅड न तपासता नुसते तेल ओतून दिवा विझवणे मला धोक्याचे वाटते, कारण त्यामुळे झिजलेल्या पॅडची सूचना देणारी खूणच नाहीशी होते. शिवाय नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की जास्तीचे तेल डबीतून बाहेर सांडते आणि ते गाडीचा रंग खराब करते. तेल घालायचेच झाल्यास डबीच्या झाकणावर लिहिलेले, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलच्या प्रती), तेच आणि सीलबंद बाटलीतले घ्यावे. उघड्या बाटलीतले तेल हवेतील ओलावा शोषून घेते.

मात्र दिवा सतत पेटलेला असेल आणि पेडल मऊ लागत असेल किंवा नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर कृपया गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेऊ नका, टोइंग करूनच न्या.