दाब चौदा, तरी फिल्ड टेस्ट का बिघडली?

प्रश्न : माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. काचबिंदूसाठी दोन्ही डोळ्यांत रात्री लॅटॅनोप्रोस्ट आणि दोन वेळा टिमोलॉल चालू आहे. दर तपासणीत डोळ्याचा दाब १४-१५, म्हणजे ठीक येतो, पण यंदा फिल्ड टेस्ट (नजरेचा घेर मोजणारी तपासणी) बिघडलेली निघाली. डॉक्टर तिसरा ड्रॉप सुरू करू म्हणतात. बाबा म्हणतात, ‘मला सगळं दिसतंय, ड्रॉपही नेमाने घालतो.’ पण रात्रीची बाटली तीन-तीन महिने पुरते. दवा बाजारातून मीच आणते, म्हणून लक्षात आलं.
— एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, तुमची शेवटची दोन वाक्यं डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवीत, तीही तिसरा ड्रॉप सुरू होण्याआधी. अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळ्यांत रोज एकेक घातला तर ती चाळीसेक दिवसांत संपते. उरली तरी उघडल्यापासून चार ते सहा आठवड्यांनी टाकून द्यायची असते. तीन महिने पुरते म्हणजे निम्म्याहून जास्त रात्री थेंब पडतच नाही.

मग दाब १४ कसा? तपासणी जवळ आली की पेशंट नेमाने ड्रॉप घालू लागतात, आणि लॅटॅनोप्रोस्टचा असर काही तासांतच सुरू होतो. दाब त्या दिवसापुरता कळतो. मधल्या महिन्यांत डोळ्याच्या नसेचं काय झालं ते फिल्ड टेस्टमध्ये उमटतं. १९८६ साली अमेरिकेत ड्रॉपच्या बाटलीला नोंद ठेवणारं यंत्र जोडून पाहिलं होतं. पेशंटांनी ९७ टक्के डोस घेतल्याचं सांगितलं, यंत्रात नोंद निघाली ७६ टक्क्यांची. तेव्हा बाबांना खोटं पाडू नका. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते, समोरचं स्पष्ट दिसत राहतं. ‘मला सगळं दिसतंय’ हे ते मनापासूनच म्हणतात. पण गेलेली नजर परत येत नाही, म्हणून मला ही गोष्ट पुढच्या तारखेवर ढकलवत नाही.

आज रात्री ते ड्रॉप घालताना शेजारी बसा आणि नुसतं बघा. माझ्याकडच्या एका आजोबांची मान मागे जातच नव्हती. थेंब गालावर पडायचा, ते पुसून झोपायचे आणि ड्रॉप घातला असं समजायचे. त्यांना आडवं झोपवून, खालची पापणी ओढून घालायला शिकवलं. बाटली फ्रीजमध्ये ठेवायला लावली, कारण गार थेंब डोळ्यात पडला की कळतो. थेंब एकच पुरे. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी.

लाली, जळजळ होते का, हेही विचारा. पुष्कळ जण त्यापायीच चुपचाप बंद करतात. टिमोलॉलने दम लागत असेल किंवा नाडी मंद झाली असेल तर लगेच डॉक्टरांना कळवा. ही दोन्ही औषधं एकाच बाटलीत, दिवसातून एकदाच घालायची, अशीही मिळतात. बाबांना ती चालतील का, हे डॉक्टर ठरवतील. पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या बाटल्या, अर्ध्या उरलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या आणि त्यांच्या टेबलावर ठेवा.