राजकारण, अर्थकारण आणि जागतिक सत्ता समजून घ्यायची तर कोणती पुस्तकं वाचावीत?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही इंजिनिअर आहात, अर्थशास्त्राचा गंध नाही, आणि डॉलर, तेल, निर्बंध असे शब्द आले की बातमी सोडून पुढे जाता. मीही त्यातलाच. सुरुवातीला 'सगळं जग समजावून सांगतो' अशा थाटाची जाडजूड पुस्तकं आणली. दोन अर्ध्यावर पडली, एक नेटाने संपवलं आणि त्यातलं आज काही आठवत नाही. मग एकच वस्तू धरून तिच्या मागे जायचं ठरवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

माझी वस्तू तेल. मराठीत गिरीश कुबेरांचं 'हा तेल नावाचा इतिहास आहे' घ्या, चार रात्रींत होतं. मग डॅनियल येर्गिन यांचं 'द प्राइझ'. आकार बघून घाबरू नका, कादंबरीसारखं पळतं. त्यातली चर्चिलची गोष्टच घ्या. 1911 मध्ये ब्रिटिश आरमार त्याच्या हाती आलं. तेलावरची जहाजं जास्त वेगाने धावत, भट्टीत फावड्याने कोळसा ओतणारी माणसंही कमी लागत. पण कोळसा होता घरचा, वेल्सचा. तेल आणायचं इराणातून, जिथे ते 1908 मध्ये नुकतं लागलं होतं. चर्चिलने धोका पत्करला. 17 जून 1914 ला त्याने संसदेत इराणात तेल काढणाऱ्या अँग्लो-पर्शियन कंपनीचा 51 टक्के हिस्सा सरकारने घ्यावा असा प्रस्ताव मांडला. रक्कम 22 लाख पौंड. अकराच दिवसांनी साराजेव्होत पहिलं महायुद्ध पेटवणारी गोळी सुटली. राजकारण, अर्थकारण आणि सत्ता वेगवेगळे विषय म्हणून वाचायची माझी सवय या एका प्रकरणाने मोडली.

माझी 'द प्राइझ'ची प्रत मुंबईतल्या फाउंटनच्या फुटपाथवरची. घरी येऊन बघतो तर मधला एक फर्माच (एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा) गायब, आणि तोही नेमका इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांच्यावरचा! त्या चिडीपोटी स्टीफन किन्झर यांचं 'ऑल द शाहज मेन' हाती घेतलं. मोसादेघ यांनी 1951 मध्ये तेच तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं आणि ऑगस्ट 1953 मध्ये अमेरिका-ब्रिटनच्या हेरखात्यांनी त्यांचं सरकार उलथवलं, त्याची ही हकिगत. आता इराण-अमेरिका भांडणाची बातमी आली की मी ती 1953 पासून वाचतो. फुटपाथवाल्याचे उपकारच म्हणायचे.

तेलाचा माग काढत गेलं की आपण मुंबईत येऊन पोहोचतो. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत गिळलं. तेल भडकलं, तिथली आपली माणसं परतली, त्यांचे पैसे येणं आटलं, आणि आधीच तोळामासा असलेली आपली परकीय चलनाची गंगाजळी संपत आली. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेला जवळपास 47 टन सोनं परदेशी गहाण ठेवावं लागलं, तेही जमेल तितकं गुपचूप. आमच्या घरी आईच्या पाटल्या गहाण पडल्या तेव्हा दार लावून बोलणं झालं होतं, त्याची आठवण झाली. या दिवसांवर जयराम रमेश यांचं 'टू द ब्रिंक अँड बॅक' आहे. ते तेव्हा सरकारात होते आणि पक्के काँग्रेसवाले आहेत, हे लक्षात ठेवून वाचा.

टिम मार्शल यांचं 'प्रिझनर्स ऑफ जिऑग्राफी' नकाशे समजायला बरं, पण सगळं खापर डोंगर-नद्यांवर फोडतं. जॉन पर्किन्स यांचं 'इकॉनॉमिक हिटमॅन' तुम्हाला हमखास कोणीतरी सुचवेल. वाचायला झकास आहे, पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींना लेखकाच्या शब्दापलीकडे पुरावा नाही.

आणि ज्याची शिफारस कोणीच करत नाही ते पुस्तक: डॉ. आंबेडकरांचं 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी', 1923. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांच्या मताला त्यात उघड विरोध आहे. त्या दशकात वाद होता तो एका रुपयाची किंमत 16 ब्रिटिश पेन्स धरायची की 18. मुंबईच्या गिरणीमालकांना स्वस्त रुपया हवा होता. आंबेडकरांचा मुद्दा असा की रुपया घसरल्यावर व्यापाऱ्याला जो फायदा दिसतो तो बाहेरून येत नाही. भाव चढतात, मजुरी त्या वेगाने चढत नाही, म्हणजे तो आपल्याच मजुराच्या खिशातून जातो. 'रुपया पडला तर निर्यात वाढेल' असं कोणी टीव्हीवर म्हणालं की मला हेच आठवतं.

थेट पहिल्या पानापासून सुरू केलंत तर नाण्यांच्या इतिहासातच अडकाल. राज्य सरकारने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी 'लेखन आणि भाषणे'चा सहावा खंड घ्या आणि चलन आयोगापुढची त्यांची 1925 ची साक्ष आधी वाचा. प्रश्नोत्तरं आहेत, एका बैठकीत होतात.