वाचकांचे प्रश्न : देशावरचं प्रेम, शेजाऱ्याचा राग आणि फ्रिजमधला वायू

प्रश्न : नववीच्या वर्गाला देशप्रेम आणि राष्ट्रवाद यांतला फरक सांगायचा आहे. शब्दकोशात दोन्हींचे अर्थ एकमेकांत मिसळलेले दिसतात. मुलांना पटेल असं कसं सांगावं? (एक शिक्षिका, सांगली)

उत्तर : शब्दकोश इथे पुरणार नाही, कारण हे दोन शब्द एका जातीचे नाहीत. देशप्रेम ही भावना. राष्ट्रवाद हा राजकीय विचार, आणि ‘वाद’ म्हटला की त्यात दावा आलाच. राष्ट्र म्हणजे अमुक लोक आणि सत्तेवर हक्क त्यांचा, हा तो दावा. म्हणून राष्ट्रवादाला सुरुवातीलाच ‘आपण कोण’ याची यादी करावी लागते आणि यादी झाली की काहीजण तिच्याबाहेर राहतात. देशप्रेमाला यादी लागत नाही. आपल्या नदीवर जीव असायला शेजारच्या गावची नदी गटारच असली पाहिजे असं थोडंच आहे?

मात्र ‘देशप्रेम चांगलं, राष्ट्रवाद वाईट’ असं पाठांतर मुलांना देऊ नका. डोक्यावर इंग्रज बसलेला असताना ‘इथली सत्ता इथल्या लोकांची’ हा दावा न्याय्यच होता. जर्मनीत १९३५ साली याच जातीच्या दाव्याने ज्यूंचं नागरिकत्व हिरावून घेतलं. तेव्हा वर्गात दोन प्रश्न विचारायला लावा : दावा कुणाविरुद्ध चाललाय, वर बसलेल्याविरुद्ध की खाली दबलेल्याविरुद्ध? आणि यादीबाहेर राहिलेल्यांचं पुढे काय होतं?

उदाहरण सोलापूरचंच घ्या. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. आपलाच देश पारतंत्र्यात, तरी परक्यांच्या जखमी सैनिकांसाठी ही मंडळी निघाली. कोटणीस परतले नाहीत. १९४२ च्या डिसेंबरात बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. ज्या जपानच्या विरोधात चीन लढत होता, त्याच जपानला रवींद्रनाथांनी १९१६ मध्येच तिथे व्याख्यानं देऊन आक्रमक राष्ट्रवादापासून सावध केलं होतं. आधी जंगी स्वागत झालं, व्याख्यानानंतर तोंडं फिरली. कोटणीसांनी केलं ते देशप्रेम म्हणायचं का, यावर मुलांना भांडू द्या. उत्तर तुम्ही सांगायची घाई करू नका.

प्रश्न : राष्ट्रगीत सुरू असताना एखादा मुलगा नुसताच उभा राहिला, गायला नाही, तर तो गुन्हा का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : नाही. केरळमध्ये एका पंथाच्या तीन भावंडांना याच कारणावरून शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहत, फक्त गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. १९७१ च्या कायद्यात गुन्हा आहे तो मुद्दाम गाणं अडवण्याचा किंवा गाणाऱ्या जमावात गोंधळ घालण्याचा; शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. गप्प राहणं त्यात बसत नाही.

प्रश्न : जागतिक ऐक्य वगैरे भाबडेपणा नाही का? युनोचं काय झालंय ते दिसतंच आहे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : युनोबद्दलची तुमची चीड समजते. सदस्य १९३, पण सुरक्षा परिषदेत १५ आणि त्यातही पाचांना नकाराधिकार. एकाने ‘नाही’ म्हटलं की ठराव पडला. १९४५ ला रचनाच तशी केली होती, यंत्र बिघडलेलं नाही. ऐक्य म्हणजे सगळ्यांचं एक सरकार असं धरलं तर ते भाबडंच ठरेल. पण एखाद्या कामापुरतं बांधलेलं ऐक्य चालतं, आणि ते कसं चालतं ते मॉन्ट्रियल करारात नीट पाहता येतं.

जुन्या फ्रिजमधला सीएफसी वायू वरच्या हवेतला ओझोन खातो. त्याला आवर घालायचा करार १९८७ साली झाला. गरीब देशांचा वर्षाला माणशी वापर ०.३ किलोच्या आत असेल तर त्यांना दहा वर्षांची सवलत होती. पण वायू बदलायचा खर्च कुणी द्यायचा, हे ठरलं नव्हतं. म्हणून भारत आणि चीन आधी बाहेरच राहिले. १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत श्रीमंत देशांच्या पैशातून निधी उभारायचं ठरलं, मग १९९२ साली भारत आत आला. यात देशप्रेम कुठे कमी पडलं? उलट आपल्या लोकांच्या खिशाचा हिशेब मांडूनच आपण सही केली. शिवाय करारात न आलेल्या देशांशी या वायूंचा व्यापार बंद करायचं कलम होतं, त्यामुळे बाहेर राहण्यात फायदा उरला नाही. आज युनोचे सगळे सदस्य त्यात आहेत.

बिघडलं तेही सांगायला हवं. गेल्या दशकात सीएफसी-११ हा त्यातलाच एक वायू हवेत अपेक्षेइतका कमी होईना, म्हणजे कुणीतरी चोरून तो बनवत होतं. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या हवा मोजणाऱ्या केंद्रांनी २०१९ मध्ये माग काढला, तो पूर्व चीनकडे गेला. त्यानंतर ते उत्सर्जन खाली आलं. नुसत्या सह्यांवर हा करार तगला नसता; शेजाऱ्याची हवा मोजायची सोयही हवी होती.

प्रश्न : आपल्या संविधानात जगाचा उल्लेख आहे का? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : आहे. कलम ५१ मध्ये आंतरराष्ट्रीय शांतता, राष्ट्राराष्ट्रांत न्याय्य व सन्मानाचे संबंध, आणि वाद लवादाने सोडवायला उत्तेजन, हे सगळं येतं. त्याच्या लगोलग कलम ५१क, जिथे ध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. ते १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आलं. परीक्षेत गोंधळ नको : ५१ हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात जाता येत नाही.