जांघेतली धडधडणारी गाठ: पत्राची वाट पाहू नका, आज डॉपलर करा

दादा, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि झोपच उडाली. वडिलांची मांडीतून अँजिओप्लास्टी होऊन आठ दिवस झाले, जांघेत लिंबाएवढी गाठ आली, हात ठेवला की धडधडते, मांडी गुडघ्यापर्यंत काळीनिळी. आणि फोनवर कुणीतरी सांगितलं, "रक्त साकळलंय, शेक द्या, जिरेल." वर तुम्ही विचारताय की रक्त पातळ करायच्या गोळ्या दोन दिवस थांबवल्या तर चालतील का.

नाही चालणार. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) आठ दिवसांचा आहे. आता गोळ्या थांबवल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. गोळ्यांत बदल करायचाच झाला तर तो हृदयाच्या डॉक्टरांनी करायचा, आपण नाही. शेकही बंद करा. आणि आज दुपारपर्यंत शहाद्याहून नंदुरबार किंवा धुळे, जिथे जमेल तिथे जाऊन जांघेतल्या रक्तवाहिनीचा कलर डॉपलर करून घ्या. साधी सोनोग्राफी नको, रक्त कुठे वाहतंय ते दाखवणारा डॉपलर.

मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यात कृषी केंद्र चालवतो. जे लिहितोय ते माझ्या आईवरून आणि तिच्यामुळे तीन डॉक्टरांना विचारून विचारून समजलेलं आहे, तेव्हा तसंच घ्या.

आईचं वय तेव्हा ६८, अंगानं जाड, शुगर, बीपी. अँजिओप्लास्टी मंगळवारी झाली, गुरुवारी घरी सोडलं. शुक्रवारी सकाळी मला म्हणाली, "भाऊ, आठे धकधक व्हई ऱ्हायनं." म्हणजे इथे धडधडतंय. मी हात लावून पाहिला. पातेल्यावरचं झाकण उकळी आल्यावर थडथडतं, अगदी तसं लागलं हाताला. नाडी आणि गाठ एकाच ठेक्यात. त्या क्षणी गाडी काढून जळगावला निघालो असतो तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजही वाटतं.

निघालो नाही. गेलो कुठे, तर उपचाराचा खर्च देणाऱ्या आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या एका ऑफिसात. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. खिडकीतल्या माणसानं डिस्चार्ज कार्ड उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "ही तक्रार आधीच्या पॅकेजातली. जिथे प्रोसिजर झाली तिथलं पत्र आणा, मग पुढची तपासणी बघू." पत्रासाठी हॉस्पिटलला फोन केला तर म्हणे पेशंटला ओपीडीला आणल्याशिवाय पत्र देता येत नाही, आणि ओपीडी आता सोमवारी. शनिवारी मी पुन्हा त्या खिडकीवर, तिथे दुसराच माणूस, त्याला पहिल्याचं काहीच माहीत नाही. रविवार गेला. सोमवारी पोळा.

पोळ्याचं मुद्दाम लिहितोय. आमच्याकडे पोळ्याला खापरावरचे मांडे होतात, आणि बाकीच्यांचे मांडे फाटतात असं आईचं ठाम मत. मी बैल सजवायला खळ्यात गेलो होतो. परत आलो तर ही चुलीपुढे उकिडवी बसून हातावर मांडा फिरवतेय. उकिडवं बसणं म्हणजे जांघ पूर्ण दुमडणं, नळी घालायला पाडलेल्या आतल्या भोकावर सगळा ताण. संध्याकाळपर्यंत लिंबाचं मोसंबं झालं. वरची कातडी अशी ताणली की दिव्याचा उजेड तिच्यावर चमकत होता. चूक तिची नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, मीही नाही. मी पत्राच्या मागे होतो.

मंगळवारी पत्रबित्र सोडून जळगावला गेलो, स्वतःच्या पैशानं डॉपलर केला. खर्च किती आला? डीएपी खताची एक गोणी तेव्हा १३५० ला मिळायची, त्याच्या थोडा वर. माझ्या दुकानात अशा गोण्यांची थप्पी लागलेली असते आणि मी चार दिवस एका कागदासाठी घालवले. हे अजून पचत नाही.

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. गाठीत अर्धं लाल, अर्धं निळं, तापीला पूर आला की पुलाच्या खांबाशी पाणी गरगरतं तसं फिरत होतं. आवाज लावला तर फुस्स-फुस्स, एकदा आत, एकदा बाहेर. याला स्यूडोअॅन्युरिझम म्हणतात. मांडीच्या धमनीला नळी घालायला पाडलेलं भोक नीट बुजत नाही, रक्त बाहेर येऊन आजूबाजूच्या मांसात पिशवी करतं, आणि त्या पिशवीला धमनीची भिंत नसते. म्हणून ती वाढते, फुटूही शकते. साकळलेलं रक्त नुसतं बसून राहतं, हळूहळू पिवळं पडून जिरतं. धडधडणारी गाठ म्हणजे नळ चालू आहे. एवढा एक फरक त्या फोनवरच्या माणसाला विचारावासा वाटला नाही.

आईची पिशवी साडेपाच सेंटीमीटर निघाली, मान रुंद. मान म्हणजे धमनी आणि पिशवी यांच्यामधली वाट. दोन सेंटीमीटरच्या आतली पिशवी पुष्कळदा आपोआप गोठते, फक्त डॉपलरनं लक्ष ठेवावं लागतं. पण दोन-दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना त्याची खात्री नाही. त्यापुढे सोनोग्राफीचा प्रोब वरून दाबून धरतात, दहा-पंधरा मिनिटं, मग पुन्हा. पेशंटला जाम दुखतं, आणि गोळ्या चालू असतील तर बऱ्याचदा फसतं. आता जास्त चालतं ते थ्रॉम्बिनचं, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन: सोनोग्राफीत बघत सुई पिशवीत न्यायची आणि औषध थेंबाथेंबानं सोडायचं. काही सेकंदांत पिशवी आतल्या आत गोठते. यश उत्तम आहे, पण औषध धमनीत निसटलं तर पाय धोक्यात येतो. म्हणून हे रोज करणाऱ्या हातानंच व्हावं, आणि मान रुंद असेल तर डॉक्टर कचरतात. मग उरते शस्त्रक्रिया: भराभर वाढणारी पिशवी, कातडी काळी पडणं, इन्फेक्शन, पाय गार पडणं, या सगळ्यांत तीच.

आईची कातडी काळवंडायला लागली होती, त्यामुळे त्याच रात्री ऑपरेशन. दोन बाटल्या रक्त. जांघेतल्या जखमेतून नंतर तीन आठवडे पाण्यासारखं झिरपत राहिलं, रोज दोनदा ड्रेसिंग. सर्जन म्हणाले की शुक्रवारी आला असता तर कदाचित इंजेक्शनवर भागलं असतं. "कदाचित" हा शब्द त्यांचा आहे, मी वाढवलेला नाही.

त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक आजोबा होते. त्यांना जांघेत गाठ नाही, काही नाही, फक्त कंबर आणि पाठ दुखायची. दोन दिवस मलम चोळलं. मग घाम, चक्कर, बीपी खाली. सीटी स्कॅनमध्ये कळलं की रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत साठत होतं. सुई जांघेतल्या आडव्या पट्ट्याच्या (लिगामेंट) वर लागली तर असं होऊ शकतं, आणि बाहेरून दिसत काहीच नाही. म्हणून वडिलांना पाठदुखी आणि चक्कर एकत्र आली, पाय गार किंवा बधिर वाटला, गाठ एकदम वाढली, तर डॉपलरबिपलर राहू द्या, सरळ १०८ लावा आणि मोठं हॉस्पिटल गाठा. गाठ फुटून रक्त आलं तर आडवं झोपवा आणि हाताच्या तळव्यानं घट्ट दाबून धरा. बघण्यासाठी मध्येमध्ये हात उचलू नका.

आता जरा राग काढतो. मनगटातून अँजिओग्राफी मॉन्ट्रियलच्या डॉ. कॅम्पो यांनी १९८९ मध्येच मांडली होती, आणि १९९२ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमचे डॉ. किमेनी मनगटातून अँजिओप्लास्टी करायला लागले. मनगटाची धमनी हाडावर असते, दाबली की बंद, म्हणून रक्तस्रावाचा त्रास तिथे बराच कमी. मग माझ्या आईची मांडी का? मी चिडून विचारलंही. उत्तर खरं होतं: आधी मनगटातूनच प्रयत्न केला होता, पण धमनी आकसली आणि नळी पुढे जाईना. म्हणून मांडी म्हणजे चूकच असं मी म्हणत नाही, काही वेळा तीच लागते. माझी तक्रार एवढीच, की मांडीतून केलं तर घरी सोडताना "धडधड जाणवली तर त्याच दिवशी या" हे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहून द्या. आईच्या कार्डावर आहाराचं अख्खं पान होतं, लोणचं-पापड बंद वगैरे. हे वाक्य नव्हतं.

जाताना डिस्चार्ज कार्ड, अँजिओची सीडी आणि गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. कोणत्या बाजूनं आणि किती फ्रेंचची (फ्रेंच म्हणजे नळीच्या जाडीचं माप) नळी घातली ते कार्डावर नसेल तर फोन करून विचारा. ६ फ्रेंच म्हणजे साधारण दोन मिलिमीटर, ७-८ असेल तर भोक मोठं. जीपमध्ये मागच्या बाकावर बसवून नेऊ नका, पुढची सीट मागे टेकवून पाय सरळ ठेवा. घरी कमोडची खुर्ची, उकिडवं अजिबात नाही, खोकला आला की तिथे हात दाबून धरायचा. अँजिओप्लास्टीत दिलेल्या रंगाच्या औषधानं किडनीवर ताण येतो, त्यामुळे डॉपलरला जाताच आहात तर क्रिएटिनिन ही किडनीची रक्ततपासणीही करून घ्या. आईचं तिसऱ्या दिवशी वाढलं होतं, मग उतरलं. पाणी किती प्यायचं हे मात्र डॉक्टरांना विचारा, हृदयाचं पंपिंग कमी असेल तर भरमसाठ पाणीही बाधतं.

योजनेचे पैसे, पत्र, पॅकेज यांचं भांडण नंतर करा, मी सांगतो कसं करायचं. पावत्या फक्त जपून ठेवा.

रिपोर्ट आला की त्यात पिशवीचा आकार आणि मानेची रुंदी लिहिली आहे का ते बघा, नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्या. मग नाव झाकून इथे टाका. मी दुपारी दुकानात असतो, फोन हातातच आहे.