लघवीच्या तपासणीवरून शरीर इन्सुलिनला किती दाद देतं, हे कळतं का?

तुमच्या आईंना टाइप २ मधुमेह आहे आणि सुईची भीती वाटते. म्हणून लघवीतलं इनोसिटॉल (साखरेसारखाच एक पदार्थ) मोजून इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही ते, कळेल का, असं तुम्ही विचारलंय. आज तरी नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. हात पुढे करताना तोंड फिरवून बसणारी माणसं रोज बघतो, त्यामुळे तुम्ही हे का विचारताय ते समजतं.

इनोसिटॉलबद्दल तुम्ही वाचलंय ते खोटं नाही. इनोसिटॉलची मायो आणि कायरो ही दोन मुख्य रूपं शरीरात असतात. टाइप २च्या रुग्णांच्या लघवीत कायरो फार कमी असतं, असा अभ्यास १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला आणि आशा वाढल्या. पण पुढे काही अभ्यासांत मधुमेहींच्या लघवीत तेच कायरो वाढलेलं निघालं. शिवाय रक्तातली साखर चढली की मूत्रपिंडाला मायो-इनोसिटॉल नीट परत शोषता येत नाही, ते लघवीतून वाहून जातं. म्हणजे दोन्हींचं प्रमाण बिघडलेलं दिसलं, तरी त्यामागे इन्सुलिनला न मिळणारी दाद आहे की नुसती चढलेली साखर, हे सांगता येत नाही. म्हणून ही तपासणी संशोधनातच राहिली.

लघवीतल्या साखरेवरूनही हे कळत नाही. पट्टी बुडवली की अर्ध्या मिनिटात साखरेचा चौकोन निळसर-हिरव्याचा तपकिरी होतो, पण साधारणपणे रक्तातली साखर १८०च्या वर गेल्यावरच. डापाग्लिफ्लोझिनसारखी, साखर लघवीतून बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर साखर ११० असतानाही तो गडद तपकिरी होतो. असा रिपोर्ट हातात घेऊन एक काका रडवेले होऊन आले होते. औषध त्याचं काम करतंय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

अंदाज हवा असेल तर एकदा सुई सोसावी लागेल. उपाशीपोटीची साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५, हा होमा-आयआर. साखर ११० आणि इन्सुलिन १५ असेल तर साधारण ४ येतो, म्हणजे रेझिस्टन्स आहे. आई इन्सुलिनची इंजेक्शनं घेत असतील तर मात्र या आकड्यावर जाऊ नका.

लघवीचीच एक तपासणी मी तुम्हाला आग्रहाने सांगेन: अल्ब्युमिन–क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रोटीन क्रिएटिनिनच्या तुलनेत किती आहे ते. तिने इन्सुलिनचं काही कळत नाही, पण मूत्रपिंडाला इजा सुरू झाली असेल तर ती लवकर कळते. टाइप २मध्ये निदान झाल्यापासून दर वर्षी करायची असते. ३०च्या आत हवा. ३० ते ३०० म्हणजे सुरुवात, आणि नेमक्या याच टप्प्यात साधी पट्टी बऱ्याचदा 'प्रोटीन निल' दाखवते. लोक तेवढं वाचून निर्धास्त होतात, याचं मला फार वाईट वाटतं. सकाळची पहिली लघवी द्या. ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा आदल्या दिवशी जोराचा व्यायाम झाला असेल तर थांबा. आकडा वाढलेला आला तर तीन ते सहा महिन्यांत पुन्हा करा, तीनपैकी दोनदा वाढलेला आला तरच तो खरा धरतात. आणि फॉर्मवर तपासणीचं नाव पूर्ण लिहून घ्या, कारण 'युरिन रुटीन' लिहिलं तर ती होत नाही.